सालामांकाच्या प्लाझा मायोरला जाताय? मग एक रात्र मुक्काम कराच

स्पेनमध्ये माद्रिदला जाणारे बरेच जण सालामांका हे शहर एका दिवसात उरकतात. सकाळची ट्रेन, कॅथेड्रल, युनिव्हर्सिटी, तिच्या भिंतीवर कोरलेला तो फेमस बेडूक शोधायचा, प्लाझा मायोर या मुख्य चौकात चार फोटो काढायचे आणि संध्याकाळची ट्रेन पकडून परत. मग विचारलं की म्हणतात, हो, चौक छान आहे, पण तासाभरात बघून झाला. होणारच ना! चौकात खरी गर्दी जमायला लागते तेव्हा तुम्ही ट्रेनमध्ये बसून चिप्स खात असता. म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते, एक रात्र तरी सालामांकात राहा, आणि चौकात एकदाच जाऊन "बघून" येऊ नका, वेगवेगळ्या वेळी तीन-चारदा जा. इथली माणसं तेच करतात, कामाला जाताना चौक, येताना चौक, मैत्रिणीला भेटायचं तर चौक, काहीच काम नसेल तरी चौक.

आता पोचायचं कसं. माद्रिदच्या चामार्तिन स्टेशनवरून थेट ट्रेन आहे, फास्टवाली साधारण दीड-पावणेदोन तासात पोचवते. पण काही ट्रेन बऱ्याच हळू जातात, त्यामुळे तिकीट काढताना फक्त सुटायची वेळ बघू नका, पोचायची पण बघा. तिकिटं आधी काढली तर स्वस्त पडतात, विकेंडला तर आधीच काढा कारण अर्धं शहर स्टुडंट्सचं आहे आणि शुक्रवार-रविवार ती सगळी पोरं घरी ये-जा करत असतात. बस माद्रिदच्या मेंदेस आल्वारोच्या बसस्टँडवरून सुटते, अडीच-तीन तास लागतात, आणि एक फार कामाची गोष्ट म्हणजे बाराखास एअरपोर्टवरून पण थेट सालामांकाची बस मिळते, म्हणजे फ्लाइटमधून उतरून माद्रिद शहरात शिरायचीच गरज नाही. मोठ्या रेल्वे स्टेशनवरून चौकापर्यंत चालत वीसेक मिनिटं. काही ट्रेन पुढे ला आलामेदिया नावाच्या छोट्या स्टॉपपर्यंत जातात, तुमची तशी असेल तर तिथेच उतरा, चौक आणखी जवळ पडतो.

राहण्याचं म्हणाल तर चौकावरच खिडकी उघडते अशी छोटी लॉजेस आहेत आणि फोटो बघून मोह होतो. झोप सावध असेल तर तो मोह टाळा. गुरुवारी रात्री तर विचारूच नका, स्टुडंट्सची पार्टीची रात्र ती, दोन-तीन वाजेपर्यंत खाली गाणी चालू असतात. चौकापासून दोन गल्ल्या सोडून रूम घ्या आणि बुकिंग करताना आतल्या बाजूची द्या म्हणून सांगा. बाहेर पडलं की दोन मिनिटांत चौक आणि झोपायला शांतता, दोन्ही मिळतं.

आधी थोडं चौकाबद्दल, म्हणजे बघताना कळेल काय बघतोय

या जागी आधी प्लाझा दे सान मार्तिन नावाचं मोठं ऐसपैस मैदान होतं, बाजार भरायचा. सान मार्तिनचं जुनं चर्च अजून आहे, चौकाच्या दक्षिणेला घरांना अगदी चिकटून, इतकं चिकटून की लोक त्याच्यासमोरून जातात आणि त्यांना पत्ताच नसतो. पाचव्या फेलिपे राजाच्या काळात १७२९ साली नवीन चौकाचं काम सुरू झालं. स्पेनच्या गादीच्या वारसाहक्काच्या युद्धात सालामांका त्याच्या बाजूने उभं राहिलं होतं, त्याची ती परतफेड असं म्हणतात. डिझाइन आल्बेर्तो दे चुरिगेराचं. हे चुरिगेरा घराणं इतकं नावाजलेलं की स्पेनमधल्या त्या भरगच्च नक्षीच्या बरोक स्टाइलला त्यांच्याच आडनावावरून नाव पडलं. गंमत म्हणजे हा चौक त्या मानाने खूपच आवरलेला आहे, नक्षी आहे पण अंगावर येत नाही. टाऊन हॉलची बाजू नंतर आंद्रेस गार्सिया दे किन्योनेसने केली आणि १७५५ मध्ये काम संपलं. म्हणजे सव्वीस वर्षं. मधली काही वर्षं काम बंदच पडलं होतं, कारण ज्यांची घरं-जागा मध्ये येत होत्या ते लोक अडून बसले. हे वाचून मला तरी बरं वाटलं, जगात सगळीकडे सारखंच.

चौक चौरस दिसतो पण नाहीये. चारही बाजूंची लांबी वेगवेगळी आहे, टाऊन हॉलची उंचीही बाकीच्यांपेक्षा जास्त. मधोमध उभं राहून एक चक्कर स्वतःभोवती मारा, आधी काही कळत नाही, मग हळूहळू कोपरे किंचित तिरके असल्याचं लक्षात येतं. खाली चारी बाजूंनी कमानींचा ओटा आहे, एकूण ८८ कमानी, वर तीन मजले आणि सगळीकडे लोखंडी कठड्यांच्या बाल्कन्या. पूर्वी इथे बुलफाइट व्हायच्या तेव्हा या बाल्कन्या म्हणजे बसायच्या जागा होत्या. नंतर मध्यभागी बाग पण होती, झाडं-बाकं वगैरे, ती विसाव्या शतकाच्या मध्यात काढून टाकली आणि सगळीकडे फरशी घातली. काहींना तो चौक उघडाबोडका वाटतो. मला वाटतं बरं झालं, झाडं असती तर लोक असे मधोमध फतकल मारून बसले नसते, आणि तीच तर इथली खरी मजा आहे, त्यावर पुढे येतेच.

दगड. हा दगड जवळच्या वियामायोर गावचा वालुकाश्म. खाणीतून काढताना मऊ असतो म्हणून त्याच्यावर नक्षीकाम सोपं जातं, मग हवा लागून कडक होतो, आणि त्यात लोह असल्यामुळे काळाबरोबर तो सोनेरी-तांबूस होत जातो. पाणी शोषायची खोड आहे त्याला, म्हणून शहरभर बऱ्याच इमारतींचा जमिनीलगतचा थर ग्रॅनाइटचा दिसेल. कमानीच्या खांबाजवळ जाऊन बघा, कडा झिजून गोल झाल्यात, काही ठिकाणी पापुद्रे सुटलेत. नखाने खरवडून बघायची इच्छा होते, पण नको, १९८८ पासून हे सगळं जुनं शहर युनेस्कोच्या यादीत आहे.

आता कमानींच्या मधल्या त्रिकोणी जागांमध्ये गोल मेडलियन आहेत, त्यात चेहरे कोरलेत, आणि हा भाग लोक सगळ्यात जास्त मिस करतात कारण सगळे लांबून फोटो काढत असतात. पूर्वेकडची बाजू, जिला पाबेयोन रेआल म्हणतात, ती राजेराण्यांची. दक्षिणेकडे सेनापती आणि दर्यावर्दी मंडळी, कोलंबस, कोर्तेस, पिसारो, एल सिद. मध्येच एक इंग्रज पण आहे, ड्यूक ऑफ वेलिंग्टन, कारण १८१२ मध्ये शहराजवळच्या आरापिलेसच्या लढाईत त्याने नेपोलियनच्या सैन्याला हरवलं. लेखक सेर्वांतेस आहे, सेंट तेरेसा आहे, उनामुनो आहे (त्याच्याबद्दल पुढे सांगते). हे सगळे काही एका काळात कोरलेले नाहीत, अगदी विसाव्या-एकविसाव्या शतकातही नवीन बसवलेत. हुकूमशहा फ्रांकोचा पण एक होता. त्याच्यावर लोक वारंवार रंग फेकायचे, आणि शेवटी २०१७ मध्ये तो काढला. काही मेडलियन अजून कोरे आहेत, नुसता दगड, पुढे कोणाची वर्णी लागेल कोण जाणे. माझा सल्ला, ओट्याखालून न चालता ओट्याच्या बाहेरच्या कडेने एक पूर्ण चक्कर मारा, मान वर, आणि घाई न करता एकेक चेहरा बघत. अर्धा तास जातो. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना सर्वात विचित्र नाक शोधायचं काम द्या, वेळ मस्त जातो.

टाऊन हॉलच्या बाल्कनीकडे पण एकदा नजर टाका. १४ एप्रिल १९३१ ला याच बाल्कनीतून मिगेल दे उनामुनोने राजेशाही जाऊन रिपब्लिक आल्याची घोषणा केली होती. तो लेखक, विचारवंत आणि इथल्या युनिव्हर्सिटीचा रेक्टर म्हणजे कुलगुरू, आणि चौकातल्या कॅफेत अड्डा टाकून बसणारा माणूस. वरचा घंटांचा मनोरा मात्र मूळ चौकाबरोबरचा नाही, एकोणिसाव्या शतकात चढवलाय.

कोणत्या वेळी काय

सकाळी आठ-साडेआठला चौक जवळपास रिकामा असतो. पाण्याने धुतलेली फरशी, कॅफेवाले खुर्च्या मांडतायत, कोणी कुत्रा फिरवतंय. फोटो काढायचे तर हीच वेळ, कारण नंतर माणसांशिवाय फ्रेम मिळणार नाही. सकाळचं ऊन आधी पश्चिमेकडच्या बाजूवर पडतं. संध्याकाळी उलटं, पूर्वेकडचा पाबेयोन रेआल पेटल्यासारखा दिसतो, म्हणून संध्याकाळी पश्चिमेच्या बाजूला पाठ करून बसायचं. उत्तरेचा टाऊन हॉल दक्षिणेकडे तोंड करून आहे त्यामुळे त्याच्यावर दिवसभर बऱ्यापैकी उजेड असतो, आणि थंडीत दुपारी त्या बाजूच्या टेबलांवर सगळ्यात आधी गर्दी होते, ऊन खायला.

सकाळी दहाच्या आसपास बाजूच्याच मेर्कादो सेंत्रालमध्ये एक चक्कर मारा. चौकाच्या पूर्वेच्या कमानीतून बाहेर पडलं की समोरच आहे, लोखंड आणि विटांची इमारत, १९०९ ची. हे टुरिस्टांसाठी सजवलेलं मार्केट नाही, आज्या ट्रॉली ओढत भाजी-मासे घ्यायला येतात. गिखुएलोचे हॅम लटकलेले दिसतील, ते गाव याच प्रांतात आहे. चीज, फळं, ऑलिव्ह इथून घ्या, रात्री रूमवर खायला कामाला येतं. रविवारी बंद, आणि इतर दिवशीही दुपारी दोन-तीननंतर शटर ओढायला लागतात, तेव्हा सकाळीच जा.

दुपारी दोन ते पाच. ही वेळ चौकाची सगळ्यात वाईट वेळ, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये. दगड खालून तापलेला, वरून ऊन, सावली फक्त ओट्याखाली. लोक जेवायला आणि घरी. दुकानं पण बरीचशी पाचपर्यंत बंद. या वेळात स्पॅनिश माणूस जे करतो तेच करा, आरामात जेवा आणि पडा. इथे भारतातून आलेल्या माणसाची घड्याळाशी मारामारी होते. बाराला भूक लागते आणि किचन उघडतं दीड-दोनला. रात्री साडेसातला भूक लागते आणि जेवण नऊनंतर. मधल्या वेळेत बारमधले छोटे पदार्थ मिळतात त्याच्यावर भागवायचं, रेस्टॉरंटच्या दाराशी उभं राहून चिडण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी सात-साडेसातनंतर मात्र बघा. आधी लहान मुलं आणि त्यांचे आजी-आजोबा येतात, मग ऑफिसमधून सुटलेले, मग स्टुडंट्स. युनिव्हर्सिटी १२१८ मधली, स्पेनमधली चालू असलेली सगळ्यात जुनी, शिवाय स्पॅनिश शिकायला जगभरातून पोरं येतात, त्यामुळे कानावर पाच-सहा भाषा पडतात. कोणालाही भेटायचं असलं की सांगायचं "घड्याळाखाली", म्हणजे टाऊन हॉलच्या घड्याळाखाली. सात वाजता तिथे उभं राहून नुसतं बघितलं तरी चालतं, कोणीतरी फोनमध्ये बघत ताटकळतंय, कोणीतरी लांबून हात हलवत पळत येतंय, दोन-दोन पापे, आणि मग पाच मिनिटं फक्त "कुठे जायचं" यावर चर्चा. जुन्या काळी पोरं एका दिशेने आणि पोरी उलट्या दिशेने ओट्याखाली फेऱ्या मारायच्या, म्हणजे प्रत्येक फेरीत दोनदा समोरासमोर! आता तसं काही नाही पण फेऱ्या मारायची सवय गेली नाही. म्हातारी जोडपी हातात हात घालून तीन-तीन चकरा मारतात आणि प्रत्येक चकरेत ओळखीचं कोणीतरी भेटून थांबतात.

आणि मुख्य म्हणजे जमिनीवर बसा. खरंच. मधोमध, फरशीवर, मांडी घालून. इथे तसंच बसतात, गोल करून, मध्ये सूर्यफुलाच्या बियांचं पाकीट आणि गप्पा. कोणी उठवत नाही, पैसे लागत नाहीत. उन्हाळ्यात दिवसभर तापलेली फरशी रात्री कोमट असते. फक्त सालं तिथेच टाकून उठू नका, आणि बाटल्या उघडून बसू नका, उघड्यावर दारू प्यायला मनाई आहे, दंड होऊ शकतो.

अंधार पडायला लागला की दिवे लागतात, सगळ्या बाल्कन्या आणि कमानी एकदम सोनेरी होतात आणि नवीन आलेल्या लोकांच्या तोंडून हमखास "ओह" निघतं. फक्त वेळेचा अंदाज घ्या. सालामांका स्पेनच्या पश्चिमेला असल्यामुळे जूनमध्ये सूर्य मावळायला रात्रीचे जवळपास दहा वाजतात, डिसेंबरमध्ये सहालाच अंधार. उन्हाळ्यात दिवे बघून शेवटच्या ट्रेनने माद्रिद गाठू असं डोक्यात असेल तर ते काढून टाका.

रात्री कधीतरी काळे झगे, रंगीत फिती, गिटार-मेंडोलिन घेतलेली मंडळी दिसतील. ती तूना, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या मुलांची पारंपरिक गाण्याची टोळी. एखाद्या टेबलासमोर उभे राहून गातात, एक जण डफली घेऊन उड्या मारतो, आणि शेवटी टोपी फिरते. आवडलं तर एखाद-दोन युरो टाका, नसेल टाकायचं तर हसून मान हलवली की पुढे जातात.

खाणं-पिणं आणि त्यातली गोम

चौकात बसून खाणं महाग आहे हे मान्य करूनच बसा. तीच कॉफी आत बारला उभं राहून प्यायली तर स्वस्त, बाहेर टेबलावर जास्त, आणि मेन्यूवर बारीक अक्षरात टेरेसचा सरचार्ज लिहिलेला असतो. म्हणून मी म्हणेन चौकात फक्त एक कॉफी किंवा एक ड्रिंक, तेही संध्याकाळी, आणि एकदा टेबल मिळालं की तासभर बसा, कोणी बिल आणून आपटत नाही. बिल आपणच मागायचं असतं, "ला क्वेंता, पोर फावोर". जेवण मात्र बाहेरच्या गल्ल्यांमध्ये.

बसायचंच तर कॅफे नोवेल्टी. १९०५ पासूनचं, शहरातलं सगळ्यात जुनं, टाऊन हॉलच्या बाजूलाच. उनामुनो इथे यायचा. आत एका टेबलावर लेखक तोर्रेंते बायेस्तेर यांचा ब्राँझचा पुतळा बसलेला आहे, अगदी खुर्चीत, गिऱ्हाइकासारखा, आणि बाजूची खुर्ची रिकामी असते फोटोसाठी. आइस्क्रीम पण त्यांचं स्वतःचं, उन्हाळ्यात कोन घेऊन बाहेर फरशीवर बसा, टेबलाचे पैसे वाचले.

इथला खास पदार्थ म्हणजे ओर्नाथो, एक मोठी भरलेली भाजलेली पाय (इंग्रजीतली pie), आत चोरीसो सॉसेज, पोर्क, हॅम, उकडलेलं अंडं. बेकरीत तुकडा कापून मिळतो आणि एक तुकडा म्हणजे एक जेवण. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, लुनेस दे आग्वास म्हणतात त्या दिवशी, अख्खं गाव ओर्नाथो घेऊन तोर्मेस नदीच्या काठी बसतं. त्यामागची गोष्ट अशी सांगतात की ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत गावातल्या वेश्यांना नदीपलीकडे पाठवायचे आणि त्या सोमवारी स्टुडंट्स होड्या घेऊन त्यांना वाजतगाजत परत आणायला जायचे. बाकी खेता म्हणजे डुकराच्या तोंडाचा कुरकुरीत तळलेला भाग, फारिनातो नावाचं सॉसेज अंड्याबरोबर, चान्फाइना हा भात आणि मटणाच्या आतल्या भागांचा प्रकार. नॉनव्हेज खाणाऱ्यांची चंगळ.

व्हेज असाल तर थोडं लक्ष द्यावं लागेल, उपाशी राहणार नाही पण फसाल. "सँडविच वेखेताल" नाव बघून खुश होऊ नका, त्यात हमखास ट्युना असतो. क्रोकेता म्हणजे तळलेले छोटे रोल, आत बहुतेक वेळा हॅम. ओल्या भाज्यांच्या डिशवर सुद्धा हॅमचे तुकडे भुरभुरलेले असतात आणि वेटरच्या मते ते मांस नव्हेच, नुसती चव. इथली बटाट्याची डिश पातातास मेनेआस दिसते साधी, वर पोर्कचे कुरकुरीत तुकडे असतात. त्यामुळे नुसतं व्हेजिटेरियन म्हणून भागत नाही, "सिन कार्ने, सिन खामोन, सिन आतुन" असं नावं घेऊन सांगा, म्हणजे मांस नको, हॅम नको, ट्युना नको. अंडं चालत असेल तर तोर्तिया दे पातातास, म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, जिंदाबाद. नाहीतर पाद्रोनच्या मिरच्या, टोमॅटो लावलेला पाव, चीज, ऑलिव्ह, मश्रूम. मिरच्या बहुतेक गोडच असतात, दहा-बारातली एखादी झणका देते.

बारमध्ये ड्रिंकबरोबर पिंचो म्हणजे छोटासा खाऊ घ्यायची पद्धत आहे, काउंटरवर मांडलेले असतात, बोट दाखवायचं. एका बारमध्ये एक, मग पुढचा बार. चौकाच्या आसपास हे होतंच पण जरा स्वस्त आणि लोकल हवं असेल तर व्हॅन डाइक नावाच्या रस्त्यावर जा, चौकापासून उत्तरेला चालत पंधरा-वीस मिनिटं, टुरिस्ट कमी आणि बार लायनीने. दारू घेत नसाल तर "मोस्तो" मागा, द्राक्षाचा रस, पिंचो त्याच्याबरोबर पण मिळतो. आणि पाण्याची बाटली विकत घ्यायची गरज नाही, "आग्वा देल ग्रिफो" म्हणजे नळाचं पाणी मागा, २०२२ च्या कायद्याप्रमाणे हॉटेलवाल्यांना ते फुकट द्यावं लागतं. दुपारच्या जेवणाला मेनू देल दिया घ्या, दोन कोर्स, ब्रेड, ड्रिंक आणि डेझर्ट किंवा कॉफी, एका ठरलेल्या किमतीत, कामाच्या दिवशी दुपारीच मिळतं. टिप बंधनकारक नाही, सुटे ठेवले तरी चालतात.

कधी जायचं

मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटरवर आहे, त्यामुळे जुलैत दुपारी भाजून निघालात तरी रात्री पातळ जॅकेट लागतं, आणि जानेवारीत थंडी अशी की रात्री पारा शून्याखाली. मे महिन्यात चौकात पुस्तकांचा मेळा भरतो, बघण्यासारखा असतो, फक्त स्टॉल लागल्यामुळे मोकळा चौक दिसत नाही. सप्टेंबरमध्ये ८ तारखेला विर्खेन दे ला वेगा हा गावचा सण, त्या दिवसांत चौकात कॉन्सर्ट असतात, गर्दी तुफान आणि हॉटेलचे रेट पण. डिसेंबरच्या मध्यात एक भारी प्रकार असतो, नोचेव्हिएखा युनिव्हर्सितारिया. सुट्टीला घरी जाण्याआधी स्टुडंट्स चौकात जमून आपलं वेगळं नवीन वर्ष साजरं करतात, घड्याळाच्या बारा टोल्यांबरोबर, नवीन वर्षाला स्पेनभर खातात त्या बारा द्राक्षांऐवजी, बारा जेली गोळ्या खातात. विशीत असाल तर जा, नाहीतर ती रात्र टाळून जा, बसेसच्या बसेस भरून पोरं येतात.

मला विचाराल तर ऑक्टोबरचा कुठलाही मधला वार. कॉलेज सुरू झालेलं असतं, ऊन मऊ, संध्याकाळ बरी लांब आणि टेबल लगेच मिळतं.

चौकातून बाहेर कुठे

चौक मध्यभागी धरूनच बाकीचं बघायचं. उत्तरेकडे काये तोरो आणि काये सामोरा हे शॉपिंगचे रस्ते, पूर्वी त्या त्या गावाला जाणारे. दक्षिणेच्या कोपऱ्यातून कोरियो नावाच्या छोट्या चौकात उतरलं की रुआ मायोर सुरू होते आणि सरळ कॅथेड्रलपर्यंत जाते. वाटेत कासा दे लास कोंचास, भिंतभर दगडी शिंपले लावलेलं घर, आत आता लायब्ररी आहे आणि अंगणात फुकट जाता येतं. समोर क्लेरेसिया हे मोठं चर्च, त्याच्या मनोऱ्यांवर चढता येतं. पुढे युनिव्हर्सिटीची नक्षीदार भिंत, त्यात कवटीवर बसलेला बेडूक. जो स्वतः शोधेल तो परीक्षेत पास अशी समजूत आहे, त्यामुळे मी जागा सांगत नाही. नवीन कॅथेड्रलच्या पुएर्ता दे रामोस या दारावर एक अंतराळवीर कोरलाय, १९९२ च्या दुरुस्तीत कारागिरांनी घातलेला, शेजारी आइस्क्रीम खाणारा एक प्राणी पण आहे. हे सगळं चौकापासून दहा मिनिटांच्या आत, म्हणजे दोन गोष्टी बघा, चौकात या, टेका, परत जा.

उरलेल्या बारीकसारीक गोष्टी. टुरिस्ट ऑफिस चौकातच आहे, नकाशा आणि त्या आठवड्यात चौकात काय कार्यक्रम आहे ते तिथे विचारा, कारण स्टेज बांधलेलं असेल तर फोटोंचा प्लॅन बदलावा लागतो. टॉयलेटसाठी कॅफेत कॉफी घ्यायची आणि वापरायचं, हाच सोपा उपाय. एटीएम किंवा कार्ड मशीनने "रुपयात घेऊ का" असं विचारलं तर नाही म्हणा आणि युरोच निवडा, नाहीतर रेट वाईट लागतो. पाकीटमारीचा त्रास बार्सिलोना-माद्रिदच्या मानाने कमी, तरी गर्दीत फोन टेबलाच्या कडेला ठेवू नका. बूट सपाट आणि मऊ तळव्याचे घाला, सगळीकडे दगडी फरशी आहे आणि पाऊस पडला की ओट्याखालची पॉलिश झालेली फरशी चांगलीच घसरते. सोमवारी काही म्युझियम बंद असतात आणि रविवारी दुपारनंतर बरीचशी दुकानं, त्यामुळे एकच रात्र हातात असेल तर शुक्रवारी दुपारी पोचून शनिवारी संध्याकाळी निघा, फक्त शुक्रवारचं ट्रेनचं तिकीट आधी बुक करून ठेवा.